माशांच्या थव्यापाशी अडकतं

३ मार्च, मंगळवार

परत थांबलं. तिथेच. माशांचा मोठा थवा एकदम वळतो आणि वळता वळता सगळे मासे जागच्या जागी गोठतात. मग दोन-तीन हिसके, आणि पुढे सुरळीत.

टीव्हीखाली फिल्म लावायचा डबा आहे, त्याच्या रिमोटने मागे घेऊन तोच तुकडा पुन्हा लावला. काही नाही! वंगण घातल्यासारखा गेला थवा.

"थांबलं ना आत्ता?" असं हिला विचारलं. ही कुणाच्या तरी खिडकीच्या पडद्यांना हातशिलाई घालत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "थांबलं असेल." असेल म्हणजे काय? एक तर थांबलं, नाही तर नाही थांबलं. लेकीला विचारण्यात अर्थ नाही. ती जमिनीवर पालथी पडून, टीव्हीकडे पाय करून फिल्म 'बघते' — म्हणजे वहीत मासे काढते आणि गुणगुणते. म्हणून तर तिला भुंगी म्हणतो. "थांबलं ना?" विचारलं तर "हो बाबा". "नाही ना थांबलं?" विचारलं तरी "हो बाबा".

आवाजावरून ओळखावं म्हटलं, तर पाण्याखाली आवाज तो कसला.

म्हणजे थांबलेलं पाहणारा घरात मी एकटाच. हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. परत उचललंय. पण आज यापुढे लिहिणार नाही.

४ मार्च, बुधवार

लिहायलाच हवं. कुणाला सांगता येत नाही, निदान कागदाला तरी.

आज साइटवर इशारेवाला ओरडला — "थांब म्हणून दोनदा सांगितलं. वर झोपा काढतोस काय?" हा खाली जमिनीवर उभा राहून मला वॉकीटॉकीवर सांगतो, आणि मी वर केबिनमध्ये बसून त्याप्रमाणे क्रेन फिरवतो. इतक्या उंचीवरून मला खालचं निम्मं दिसतच नाही. त्याच्या आवाजावर सगळं चालतं. मी 'थांब' एकदाच ऐकलं. ते दुसऱ्यांदाचं असणार. मग पहिलं कुठे गेलं?

हुकाला सळयांचा भारा होता. खाली दोघंजण माना वर करून उभे होते. काही झालं नाही, भारा हवा त्यापेक्षा थोडा पुढे गेला इतकंच. इशारेवाला तर विसरूनही गेला. जेवताना माझ्याच डब्यात हात घालून म्हणाला, "वहिनींच्या हाताला चव आहे, तुझ्या कानाला नाही." मी हसलो. उरलेला डबा त्याच्याकडेच सरकवला.

माझ्या वडिलांचं, आबांचं, असंच सुरू झालं होतं. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. हातातला कप हातात, डोळे उघडे, नजर समोर. आम्ही हाक मारेपर्यंत परत आलेले असायचे आणि राहिलेलं वाक्य पुरं करायचे. "कुठे गेला होतात आबा?" म्हटलं की चिडायचे — "कुठे जाणार? इथेच तर आहे." त्यांना खरंच माहीत नसायचं. आम्ही हसायचो. धाकटी बहीण तर त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

मग एका दिवशी भर दुपारी, सरळ रस्त्यावर, समोर गाडी नाही, कुत्रं नाही, काही नाही — स्कूटर रस्ता सोडून गेली. आई मागे बसली होती. ती वाचली म्हणून कळलं तरी, की त्यांनी ब्रेक दाबलाच नव्हता. डॉक्टर नंतर आईकडून सगळं ऐकून म्हणाले, मेंदूचा आजार असणार, क्षणभर शुद्ध हरपायची. घराण्यात येऊ शकतो म्हणाले.

मी आबांच्या तेव्हाच्या वयाला येऊन पोचलोय. मला भीती वाटते. साधी भीती. पडदा थांबत नसेल आणि मीच थांबत असेन तर?

६ मार्च, शुक्रवार

देव पावला. हिलाही दिसलं!

आज शिवता शिवता मान वर करून म्हणाली, "अरे, हा होडीत कधी चढला? आत्ता तर किनाऱ्यावर जाळं झटकत होता." मी ताडकन उठून बसलो. "म्हणजे? मधलं गेलं?" "गेलंच. उडी मारली. तुझा डबा तुकडे गिळतो बाबा."

त्या कोळ्याला होडीत चढताना मी पाहिलं होतं बहुतेक. की मागच्या वेळचं आठवत होतं? ही फिल्म आम्ही तिसऱ्यांदा बघतोय. काही का असेना! मला थांबतं, तिला उडी मारतं. खोट डब्यात आहे, डोक्यात नाही.

एरवी माझ्या वस्तूला हिने नावं ठेवली की माझ्या नाकावर राग येतो. आज मी उठून तिला चहा करून दिला. तिने कपाकडे संशयाने पाहिलं. म्हणाली, "काय हवंय?"

८ मार्च, रविवार

धाकटीला फोन केला. या समुद्राच्या फिल्म तिनेच डिस्कवर भरून दिल्यात, आणि ऑफिसात ती हीच कामं करते — तारा, जोडण्या, कुठे काय तुंबलं ते शोधणं. भीतीचं बोललो नाही. फक्त अडकतं म्हणालो.

"डिस्क कुठे लावलीस दादा?"

"राउटरला. आतल्या खोलीत."

"आणि डबा?"

"बाहेर, टीव्हीखाली. वायफायवर."

"मधे भिंती किती?"

"दोन. आणि फ्रिज."

पोटभर हसून घेतलं तिने. मग नीट समजावलं. साध्या फिल्मला म्हणे वाटीभर पाणी पुरतं, या फिल्मना घागर लागते आणि तीही क्षणाक्षणाला. नुसतं निळं पाणी असलं की थोडक्यात भागतं. हजार मासे एकदम वळले की प्रत्येक माशाचं चित्र वेगळं पाठवावं लागतं, तेव्हा घागरही अपुरी. याला बिटरेट म्हणतात. "तुझा वायफायचा नळ तेवढं सोडू शकत नाही. मग डबा रिकामा पडतो आणि थांबतो. म्हणून थव्यापाशीच अडकतं. केबल टाक."

वाटलं, वयाने धाकटी असली तरी तिच्या पाया पडावं. थव्यापाशीच! म्हणजे त्याला कारण आहे.

मग विचारलं, "पण मागे घेऊन लावलं की नीट चालतं, ते का गं?" तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. "आधी केबल टाक, मग बघू," म्हणून तिने फोन ठेवला.

तेवढं एक राहिलं. आणि नेमकं तेच डोक्यात घोळतंय. यंत्राची खोड असेल तर दुसऱ्यांदाही तिथेच अडकायला हवं ना?

९ मार्च, सोमवार

मुकादमाला सांगितलं, पाठ धरलीय, वर चढवत नाही. त्याने खाली माल उतरवून घ्यायच्या कामाला लावलं. खोटं बोलता बोलता पाठ खरंच दुखायला लागली.

११ मार्च, बुधवार

क्रेनवरून उतरलो, पण गाडीचं काय? भुंगीला पोहायच्या वर्गाला मीच नेतो. तलाव पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्याने जावं लागतं. ट्रक असतात. आज निघताना किल्ली हातात घेतली आणि परत खुंटीवर टांगली. मागच्या सीटवर भुंगी गुणगुणत बसलेली डोळ्यांसमोर आली. पुढचं डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही.

हिला म्हटलं, "आजपासून तिला तूच ने. पाठीमुळे मला क्लच दाबवत नाही."

"मी? लायसन मिळाल्यापासून मी गाडी फक्त पुसलीय."

"तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस."

"हे तू दहा वर्षांत पहिल्यांदा म्हणतोयस. पाठ फारच दुखत असणार."

गेली बिचारी. सीट पुढे ओढली, आरसे तीनदा बघितले, जीभ दातांत धरून गाडी मागे घेतली. मी गॅलरीत उभा. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला. पोर निदान भरवशाच्या हातात आहे.

परत आल्या तेव्हा भुंगी म्हणाली, "आई हळू चालवते. सगळे मागून हॉर्न मारतात." म्हटलं मारू देत. हिला सांगितलं, हेच चालू ठेव.

१४ मार्च, शनिवार

केबल टाकली. आतल्या खोलीतून पलंगाखालून, दाराच्या चौकटीवरून, फ्रिजच्या मागून. माझं निम्मं अंग पलंगाखाली, ही टॉर्च धरून उभी. एकदा उजेड भलतीकडेच गेला. "इकडे धर, इकडे," मी खालून ओरडलो. उत्तर नाही. पुन्हा ओरडलो तेव्हा उजेड आला. वर "कधीची इकडेच तर धरलीय" असं मलाच ऐकवलं. मी चिडलो. मग केबल ओढत राहिलो. हल्ली काय खरं घडलं आणि काय मला वाटलं, यावर कुणाशी वाद घालायची माझी हिंमत होत नाही.

संध्याकाळी सगळे बसलो. फिल्म लावली. थवा जवळ यायला लागला तसा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मासे वळले.

थांबलं. आधीपेक्षा जास्त वेळ.

पाचावर धारण बसली माझी. नवी कोरी केबल, मधे भिंत नाही, वायफाय नाही, आता आणखी काय उरलं? उरलो तो मी. जमेल तितक्या सहजपणे हिला विचारलं, "उडी मारली का गं कुठे?"

"मारली की. मघाशी एकदा. ती बुडी मारलेली बाई एकदम वर कशी आली?"

हुश्श! अजून डब्यातच खोट आहे. एवढा आनंद झाला की तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या बोटाला सुई टोचली होती, रक्ताचा थेंब होता. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं. म्हणाली, "तूच सारखं थांबलं का, उडालं का विचारत असतोस. माणसाचं लक्ष राहील का?"

बरोबर आहे. मी घरात सगळ्यांचंच डोकं फिरवतोय.

१५ मार्च, रविवार

दूध उतू गेलं. भांडणही झालं.

मी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "दूध बंद केलंस का?" ही शिवणयंत्रापाशी रिळावर दोरा गुंडाळत होती. माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. मला वाटलं केलं असेल. मग जळका वास आला. ती धावली आणि वर माझ्यावरच — "अरे, समोर बसलायस, सांगायचं नाही का?"

"तुला विचारलं मी!"

"कधी? मला काही विचारलं नाहीस."

भुंगी तलावावरच्या मैत्रिणीकडे गेलेली, साक्षीला कोणी नाही. ही खोटं बोलत नाही. सोळा आणे खरं बोलणारी बाई आहे, त्याचा मला अनेकदा त्रास झालाय. म्हणजे मी विचारलंच नसणार. मनातल्या मनात विचारलं आणि मला वाटलं की तोंडाने विचारलं.

हे भयंकर आहे. पडदा थांबतो की नाही ते सांगता येत नाही, आणि आता माझ्या तोंडून शब्द निघाला की नाही तेही मला सांगता येत नाही. न्हाणीघरात जाऊन आरशात स्वतःकडे टक लावून पाहिलं. जाताना स्वतःला पकडायचं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही हाती लागलं नाही. जो गेला तोच बघणारा, मग त्याला गेलेलं दिसणार कसं? भुंगी परत आली होती; बाहेरून तिचा आवाज आला, "बाबा, किती वेळ?"

१७ मार्च, मंगळवार

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पुढच्या मंगळवारची. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "सोबत घरचं कोण येणार? या तक्रारीत पेशंटला स्वतःचं सांगता येत नाही. जो सतत बरोबर राहतो त्याला आणा."

"बघतो," म्हटलं.

हिला काय सांगू? सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर तेच येणार, जे शेवटच्या वर्षी आईच्या चेहऱ्यावर यायचं. आबांनी चमचा उचलला की आई चमच्याकडे बघायची. जिन्याकडे निघाले की उठून मागे जायची. आजार आहे हे कळण्याआधीच तिला शंका आली होती; आम्ही हसायचो, ती हसेनाशी झाली होती. मला तसं बघितलं जायला नको आहे.

आणि क्रेन गेली तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. सकाळी शिडी चढून वर गेलं, केबिनचं दार लावलं, की खालचं जग गप्प होतं. माझ्या हाताला एक वजन असतं आणि ते मी हळूच, केसाचाही धक्का न लागू देता, नेमकं जागेवर टेकवतो. त्यात मी चांगला आहे. बाकी कशातच एवढा चांगला नाही. आज खाली उभा राहून दुसऱ्याला भारा हलवताना पाहिलं. झुलवत होता मेला.

१८ मार्च, बुधवार

आज काहीच थांबलं नाही. कारण टीव्ही लावलाच नाही.

१९ मार्च, गुरुवार

धाकटीचा फोन आला, केबलचं काय झालं म्हणून. म्हटलं, वाढलंय. ती विचारात पडली. डब्याचा नंबर विचारला, मी डबा उलटा करून वाचून दाखवला. मग म्हणाली, "अरे, या डब्याचं केबलचं भोकच बारीक आहे! मोठा पाइप आणून चिमुकल्या तोटीला लावलायस तू. वायफायच त्यापेक्षा बरं होतं. दादा, डिस्क उचल आणि सरळ डब्यालाच लाव. मागे जागा आहे बघ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पलंगाखाली मी उगीच सरपटलो.

"आणि रिमोटवरचं माहितीचं बटण दाब. कोपऱ्यात दिसेल, डब्यात किती साठा आहे आणि किती वेळा रिकामा पडून थांबला. मग अंदाजावर नको राहायला."

मग मी तो राहिलेला प्रश्न विचारला. तिला क्षणभरही लागला नाही. "सोपं आहे. मागे घेतलंस तेव्हा ते मासे आधीच डब्यात येऊन पडले होते. पुन्हा आणावेच लागले नाहीत. मग अडकेल कशाला?"

एवढंच होतं! इतके दिवस ज्याने माझा जीव टांगणीला लावला ते एवढंच. "म्हणजे मी ठीक आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.  मग ती अगदी हळू म्हणाली, "दादा, तू आबांचा विचार करत होतास ना?"

 नुसतं "हं" म्हटलं.

"मीही करते. हातून चहा सांडला तरी करते. किल्ली सापडली नाही तरी करते. ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगून ठेवलंय, मी कुठे हरवलेली दिसले तर चिमटा काढ. ती उगीचच काढते."

दोघंही हसलो. दोघंही रडलो, खरं तर. आबा गेल्यापासून आम्ही दोघं यावर कधी बोललोच नव्हतो.

फोन ठेवण्याआधी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "अगं, तुझ्या वहिनीलाही दिसतं ते. मला थांबताना, तिला उडी मारताना."

"उडी?" ती म्हणाली. "डबा थांबतो दादा. उडी नाही मारत तो. जिथे थांबला तिथूनच पुढे जातो. वहिनी शिवत असेल, नजर चुकली असेल."

असेल. शिवतच असते ती.

२० मार्च, शुक्रवार

इशारेवाला आपणहून आला. म्हणाला, "अरे, त्या दिवशीचं मनावर नको घेऊ. माझ्या वॉकीटॉकीचं बटणच अडकत होतं. बोललेलं निम्मं जातच नव्हतं. काल बदलून मिळाला." आणि माझ्या पाठीवर थाप मारली, दुखऱ्या पाठीवर! मी कळवळायला विसरलो. त्याच्या लक्षात आलं. नुसता हसला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच. पण अजून नाचायचं नाही. उद्या शनिवार, उद्या सोक्षमोक्ष.

२१ मार्च, शनिवार

मी बरा आहे. मी बरा आहे. मी बरा आहे!

आधी मुद्दाम केबल काढून जुनीच जोडणी केली — डिस्क राउटरला, डबा वायफायवर. माहितीचं बटण दाबलं, कोपऱ्यात आकडे आले. थवा आला तसा साठा झरझर उतरायला लागला. मासे वळले, साठा शून्य, आणि थांबलं! त्याच क्षणी कोपऱ्यातला आकडा एकाने वाढला. परत थांबलं, परत वाढला. मी थांबलं म्हटलं की यंत्र हो म्हणत होतं. एकदाही आमचं दोघांचं वेगळं झालं नाही.

मग डिस्क उचलून सरळ डब्याला लावली. एवढी लांब केबल टाकत नाचलो, आणि लागली ती वीतभर वायर. थवा आला. मी उभाच होतो. मासे वळले, उलटे वळले, वरून प्रकाश आला, हजार पाठी एकदम चमकल्या — आणि चालूच! इतकं सुंदर दृश्य आहे ते, मला माहीतच नव्हतं. मी नेहमी थांबायची वाट बघत बसलेला.

संध्याकाळी सगळ्यांना बसवलं. भुंगीला म्हटलं, आज पाय तिकडे आणि डोकं इकडे. हिच्या हातातलं शिवण काढून कपाटावर ठेवलं. "आज मान खाली घालायची नाही. आज नुसतं बघायचं. मी हे दुरुस्त केलंय." "हुकूम," म्हणाली आणि मांडी घालून माझ्या शेजारी बसली.

पूर्ण फिल्म पाहिली. आकडा शेवटपर्यंत शून्य. मध्ये ते कासव अंड्यांवर वाळू ढकलून परत समुद्राकडे निघतं, फरपटत, दर चार पावलांवर दम खात. तेव्हा ही एकदम म्हणाली, "अगंबाई, पोचलं पण पाण्यात? परत उडी मारली बघ तुझ्या डब्याने."

"आई, कुठे उडी?" भुंगी म्हणाली. "सगळं चालत गेलं ना ते. किती वेळ चाललं बिचारं."

"डोळा लागला असेल तुझ्या आईचा," मी म्हटलं. "दिवसभर यंत्रावर बसलेली असते." हीसुद्धा हसली. मी तर हसतच होतो संध्याकाळभर. मग तिला सगळं सांगून टाकलं, आबांचं, क्रेनचं, पाठ दुखत नव्हती तेही. तिचे डोळे भरले. "एवढं एकट्याने कशाला ओढायचं? मी आहे ना," म्हणाली. माझ्या कपाळावर हात ठेवून बसली, ताप बघतात तसा.

मंगळवारची डॉक्टरांची वेळ आता नको. सोमवारी रद्द करतो. सोमवारी वर चढतो. आणि उद्यापासून भुंगीला तलावावर मीच नेणार.

२२ मार्च, रविवार

खूप उशिरा उठलो. घरात कोणी नाही. झोपू दे म्हणून मला उठवलं नसणार. भुंगीला घेऊन ही तलावावर गेली.

कासवाचा तुकडा सहज लावून पाहिला. हिला दाखवायचं होतं, की बघ, सलग आहे. सलगच आहे. आकडा शून्य. कासव वाळूतून चालत जातं, किती तरी वेळ चालत जातं. काल तिच्या हातात शिवण नव्हतं. डोळा लागला नव्हता, मी तिच्या शेजारी होतो. तिचे डोळे उघडे होते.

मला पडदा थांबलेला दिसायचा. तिला पुढे गेलेला दिसतो. जो स्वतः हरवतो, त्याला पडदा थांबलेला दिसणारच नाही.

फोन लावतोय. वाजतोय. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती कधीच फोन उचलत नाही. फार जपून चालवते.